मदत हवी आहे: कोल्हापुरात नवीन, आणि पेगन

मंडळी, महिन्यापूर्वी नोकरीसाठी पुण्याहून कोल्हापुरात आलोय. ऑफिस गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, खोली राजारामपुरीत. मी पेगन आहे, म्हणजे ऋतुचक्राचे आठ सण पाळतो, निसर्गालाच देव मानतो. खिडकीत एक मेणबत्ती, वाटीभर मीठ, पाण्याचा पेला आणि रंकाळ्यावरून आणलेलं पिंपळपान, एवढाच माझा देव्हारा.

परवा घरमालकीण काकू भाडं न्यायला आल्या, मिठाच्या वाटीकडे बघून थबकल्या. "हे काय करणीबिरणी नव्हं न्हवं?" मी हसलो, पण त्या हसल्या नाहीत. आता जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. त्यांना कसं समजावू? की वाटी सरळ कपाटात ठेवू?

दुसरं, २१ डिसेंबरच्या आसपास आमचा यूल असतो, सर्वांत मोठ्या रात्रीचा सण. नव्या नोकरीत रजा मागताना कारण काय सांगू? "घरगुती कार्यक्रम" म्हणणं जिवावर येतंय.

अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला असतो ना? आमचा इम्बोल्क, म्हणजे वसंताच्या चाहुलीचा सणही त्याच सुमारास. काकूंसोबत जावं म्हणतोय. गर्दीत किरणं नीट दिसायला किती वाजता पोचावं? आणि इथं कुणी आमच्यातलं आहे का?