छप्पर आधी की दाढ आधी?

फलाटावरचा: निवाऱ्यांच्या धाग्यावर काल 'खवट'रावांनी पिंक टाकली: "बेघरांना आधी छप्पर द्या, दातांचे लाड नंतर." २०११च्या जनगणनेत देशात सतरा लाखांवर बेघर मोजले गेले. त्या सगळ्यांना छप्पर मिळेपर्यंत किडलेली दाढ थांबणार आहे का? खालच्या दाढेचा पू गळ्यात उतरला की श्वास कोंडून माणूस जातो. हे लाड?

खवट: नाव घेतलंत, आभार. सरकारी दंत महाविद्यालय सीएसएमटीजवळ, नायरचं मुंबई सेंट्रलला. फूटपाथवरून चालत जाता येतं. मिश्रीला पैसे असतात, केस पेपरला नसतात?

दंतमंजन: ओपीडीत काम केलंय म्हणून बोलते. रूट कॅनॉलला तीन-चार फेऱ्या होतात. एक काका गाठोडं मांडीवर घेऊनच खुर्चीत बसले. "पुन्हा यायचं तर हे कुणावर सोडू? काढूनच टाका." चांगली वाचणारी दाढ काढली. वर मी पाठ केलेलं बोलले, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा. ते म्हणाले, "चहावाला देईल का?"

सातारी_जर्दा: मिश्रीवर घसरू नका हो. माझ्या आजीचं चौसोपी घर, शेवटपर्यंत मिश्री लावायची. आणि दाढ ठणकते तेव्हा गरीब माणूस तंबाखूच दाबतो, तेवढीच बधिर होते.

खवट: आजी पुरे. पुड्या खाऊन तोंडात दोन बोटं जात नाहीत, तरी खातात.

सातारी_जर्दा: आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही खातात, लिफ्टचे कोपरे बघा! २०१२पासून राज्यात गुटखाबंदी आहे. कुठल्याही टपरीवर मागा, ड्रॉवरमधून निघतो. तिथे बोला की!

परळकर: अवांतर थांबवा. टाटा कॅन्सर हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर झोपणाऱ्यांत गावी घरदार असलेलेही आहेत. तोंडाला रेडिएशन द्यायच्या आधी खराब दाढा काढून घ्याव्या लागतात. नंतर काढली तर जखम भरत नाही, जबड्याचं हाड सडू शकतं. त्यांना सांगा, छप्पर आधी.

खवट: ते पेशंट झाले, बेघर नव्हेत. सोयीचं उदाहरण घेऊ नका.

परळकर: आमचे काका तिथे ताडपत्रीखाली पावसाळा काढून आलेत. तुमच्या व्याख्येत बसवून दाखवा.

खवट: बरं बाबा, दातांची गाडी पाठवा फूटपाथवर. गाठोड्यासाठी लॉकर, चावी, हवं तर एसीही.

दंतमंजन: एसी राहू दे. लॉकर दिलात तरी अर्ध्या दाढा वाचतील. निवाऱ्यातच ठेवा, तिथेच आठवड्याला एक डॉक्टर बसवा.

खवट: लॉकर मान्य. डॉक्टरचा पगार फलाटावरचे देतील.

सातारी_जर्दा: आणि त्या ड्रॉवरवाल्या टपऱ्यांचा हप्ता कोण घेतं, ते कुणी बोलणार आहे की नाही?