लग्नाचं फुटेज ठेवायला स्टोरेज सर्व्हर बांधतोय: व्होल्टेज आणि उन्हाळ्याबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. मी आणि धाकटा भाऊ चालवतो. दोन कॅमेऱ्यांवर ४के शूटिंग असतं. १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट) धरलं तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. सगळा डेटा सध्या सुट्या यूएसबी डिस्कवर विखुरलाय. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी लोक येतात, "दादा, आमचे बाबा गेले, त्यांचं काही शूटिंग असेल का?" अशा माणसाला नाही म्हणणं मला मान्य नाही.

ठरवलंय ते असं: इंटेल एन१०० या कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरचा बोर्ड, १६ जीबी रॅम, ८ टीबीच्या दोन नॅस डिस्क (सतत चालणाऱ्या स्टोरेज सर्व्हरसाठीच्या) मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, वर ट्रूनॅस ही स्टोरेज सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम. डिस्क सीएमआरच (ट्रॅक एकमेकांवर न चढणाऱ्या) घेणार, कारण खराब डिस्क बदलल्यावर झेडएफएसला (ट्रूनॅसची फाइल सिस्टीम) एसएमआरवर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवलेल्या डिस्कवर, डेटा पुन्हा भरायला फार वेळ लागतो. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे, त्यामुळे तिसरी प्रत शेतातल्या घरी राहील. एन१०० वर नेहमीची ईसीसी रॅम (मेमरीतल्या चुका आपोआप दुरुस्त करणारी) चालत नाही. त्यासाठी जुना सर्व्हर घेतला तर वीज आणि उष्णता दोन्ही वाढतात, म्हणून तो विचार सोडला.

अडलंय ते विजेपाशी. दुकानात इन्व्हर्टर आहे. नॉर्मल मोडवर लाइन गेली की पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडवर ठेवला तर व्होल्टेज १८० च्या खाली उतरताच तो बॅटरीवर जातो, आणि ओलिताच्या दिवसांत कृषिपंप सुरू झाले की आमच्याकडे तासन्‌तास तसंच असतं. बॅटरी संपत आली हे सर्व्हरला कळायलाही मार्ग नाही, कारण इन्व्हर्टरला यूएसबी नाही. यूएसबीवाला लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस (व्होल्टेज थोडं कमी-जास्त झालं तर बॅटरीवर न जाता सावरणारा) घेऊन एनयूटी या यूपीएसवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने सर्व्हर आपोआप बंद करायचा, असं डोक्यात आहे. पण तो इन्व्हर्टरच्या पुढे लावू की थेट लाइनवर, आधी स्टॅबिलायझर टाकून? इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे (लाइनसारखी साइन वेव्ह देत नाही), त्यावर यूपीएस नीट चालेल का? अर्थिंग मात्र नव्याने करून घेतोय, त्यात तडजोड नाही.

दुसरं, उन्हाळा. नवतपात बाहेर ४५ अंश, आणि आमचं छत टिनाचं. बहुतेक नॅस डिस्कची मर्यादा ६० ते ६५ अंशांची असते, आणि चालती डिस्क खोलीपेक्षा दहा-एक अंश गरम राहते. लग्नसराई नेमकी तेव्हाच! एसी या व्होल्टेजवर टिकणार नाही. डेझर्ट कूलर आहे, पण त्याची ओली हवा सर्व्हरवर नको वाटते. दोनच डिस्क मावणाऱ्या छोट्या डब्याऐवजी मोठा टॉवर कॅबिनेट, समोर १४० मिमीचे दोन पंखे आणि धुळीसाठी जाळी, असा माझा कल आहे. डिस्क ७२०० ऐवजी ५४०० आरपीएमच्या घेतल्या तर तापमानात जाणवण्याइतका फरक पडतो का?

अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात कोणी एसीशिवाय असा सर्व्हर चालवत असेल तर मे महिन्यातलं डिस्कचं तापमान आणि यूपीएसचं मॉडेल कृपया सांगा. सामान नागपूरहून आणायचंय, अक्षय्य तृतीयेच्या आधी.