फिशटँकसाठी कॅमेरा: वापरलेला डीएसएलआर की खिशातला फोन?

काठावरचा:
बजेट पंचवीस हजार, घरात दोन फुटी टँक, आणि त्याच कॅमेऱ्याने सणवार, सहलीही टिपायच्या. असा प्रश्न आला की "मॅक्रो लेन्स घ्या" हे उत्तर ठरलेलं (मॅक्रो म्हणजे अगदी जवळून लहान वस्तू मोठी टिपणारी लेन्स). माझं मत उलट आहे. वापरलेला निकॉन डी३३०० किंवा डी३५००, त्याची १८-५५ मिमी एएफ-पी किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी; एएफ-पी हा तिच्या फोकस मोटरचा प्रकार), आणि उरलेल्या पैशांत साधा मॅन्युअल फ्लॅश नि रेडिओ ट्रिगर (दूर ठेवलेला फ्लॅश बिनतारी पेटवणारा) घ्या. मॅक्रो लेन्स नंतर, किंवा कधीच नाही.

हिशेब बघा. ही किट लेन्स २५ सेंमीवरून फोकस करते आणि ०.३८ पट मॅग्निफिकेशन देते. ३ सेंमीचा निऑन टेट्रा मासा सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चिपवर) साडेअकरा मिमी भरतो, म्हणजे फ्रेमच्या जवळपास निम्मा. २४ मेगापिक्सेलमध्ये तो सुमारे २९०० पिक्सेल लांब येतो. आणखी काय हवं?

शेवाळ:
असहमत. एवढा पसारा कशाला? सेन्सर जितका लहान, तितकी फोकसची खोली जास्त. फोनवर टेट्राचा डोळा आणि शेपटी दोन्ही स्पष्ट येतात. डीएसएलआरला त्यासाठी एफ/८, म्हणजे लहान अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लागतं, मग प्रकाश अपुरा, मग फ्लॅश... ही साखळी आपणच गळ्यात बांधून घ्यायची. फोन काचेला टेकवला की प्रतिबिंबाचा प्रश्न मिटतो. माशावर बोट दाबून फोकस लॉक करा, प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायच्या मोडमध्ये) शटर १/२०० सेकंद ठेवा आणि वाचलेल्या पैशांत टँकवर चांगला एलईडी लावा. पाणवनस्पतींनाही तो रोज उपयोगी. सहलीला फोन तसाही खिशात असतोच.

काठावरचा:
खोलीचा मुद्दा मान्य. पण कमी प्रकाशात फोन अनेक फ्रेम जोडून एक चित्र बनवतो. निवांत बसलेल्या प्लेको माशावर ते चालतं, पळत्या टेट्राला मात्र दोन शेपट्या फुटतात. प्रो मोडमध्ये बहुतेक फोनांत ही जोडणी बंद होते, आणि लगेच लहान सेन्सरचे दाणे दिसायला लागतात. फोनमधल्या त्या २ मेगापिक्सेलच्या 'मॅक्रो' कॅमेऱ्याबद्दल न बोललेलंच बरं.

फ्लॅशचा बाऊ नको. टँकच्या काचेच्या झाकणावर तो तोंड खाली करून ठेवायचा, मध्ये ट्रेसिंग पेपर. कॅमेरा मॅन्युअलवर, १/२००, एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) २००. फ्लॅश १/८ पॉवरवर सुरू करून वर-खाली करा. शटर १/२०० पेक्षा वेगवान केलं की फ्रेमच्या एका बाजूला काळा पट्टा येतो.

काटकोन:
भांडण कॅमेऱ्यावरून चाललंय, फोटो बिघडतात काचेमुळे. लेन्स काचेशी काटकोनातच हवी. तिरकी धरली की माशाच्या कडांना रंगीत झालर येते आणि चित्र मऊ पडतं, मग लेन्स कितीही महाग असो. आतलं शेवाळ आधी खरवडा, गाळ बसू द्या, खोलीतले दिवे बंद करा. पाणी बदलल्याबरोबर फोटो काढू नका, काचेवर बारीक बुडबुडे चिकटलेले असतात. फिल्टर बंद केलात तर काम झाल्यावर आठवणीने चालू करा, हे सगळेच विसरतात.

शेवाळ, तुमच्या एलईडीतही एक गोम आहे. स्वस्त दिवे आपल्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आणि १/२०० वर फोनच्या फोटोत आडवे पट्टे उमटतात. १/१०० वर पट्टे जातात, पण मग मासा हलतो.

गप्पीप्रेमी:
किट लेन्सवर चेरी श्रिंप (चिमुकली कोळंबी) येत नाही हो! निकॉनची ४० मिमी मायक्रो (मॅक्रोचं निकॉनचं नाव) १:१ देते, म्हणजे जीव सेन्सरवर खऱ्या आकाराचा येतो, पण सेन्सरपासून १६.३ सेंमीवर. म्हणजे लेन्स जवळजवळ काचेला लागते आणि काचेजवळचाच जीव मिळतो. स्वस्तातला मार्ग कॅननच्या कॅमेऱ्यात: ५० मिमी एफ/१.८ एसटीएम लेन्स आणि १२ मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा नि लेन्सच्या मध्ये बसवायची पोकळ नळी). ०.२१ चं मॅग्निफिकेशन ०.४५ च्या आसपास जातं. ट्यूबला इलेक्ट्रॉनिक काँटॅक्ट हवेतच, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

काठावरचा:
ट्यूब लावली की दूरचा फोकस गेला, हेही सांगा. १२ मिमीची ट्यूब असताना फ्रेमची रुंदी साडेनऊ सेंमीच्या पलीकडे जात नाही. मोठा एंजल मासा त्यात मावणार नाही, सहल तर सोडाच.

शेवाळ:
आणि वापरलेला कॅमेरा म्हणजे बुरशी विकत घेणं. कोकण-मुंबईचे दोन पावसाळे कपाटात काढलेली लेन्स बघा एकदा.

काटकोन:
तपासून घ्या ना. मागून टॉर्च मारला की बुरशीचे तंतू दिसतात. निकॉनच्या मूळ जेपेगमध्ये शटर काउंट (आतापर्यंत किती क्लिक झाले) नोंदलेला असतो. डी३५०० चं शटर १ लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे, त्यामुळे २०-३० हजार क्लिक झालेला कॅमेरा घ्यायला हरकत नाही. डी३२०० स्वस्त मिळतो म्हणून एएफ-पी लेन्ससोबत घेऊ नका, त्यावर ती फोकस करत नाही. डी३३०० ला फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं. कॅननचे २००डी मार्क २ आणि ३०००डी यांच्या हॉट शूला (फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायच्या वरच्या खाचेला) मधली पिन नाही, साधा ट्रिगर त्यावर पेटणारच नाही. घरी आणल्यावर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या.