गणपतीचं तिकीट आणि परब काकांची बोट

(पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचा ग्रुप, सकाळी ८:०४ पासून)

मृणाल, ए-७०१: गणपतीला गावी जायच्या गाड्या बघा. कोकणकन्या एक्सप्रेस वेटिंग १८७. मांडवी वेटिंग. तुतारी थेट 'रिग्रेट', म्हणजे वेटिंगसुद्धा बंद. चार मिनिटांत!! साठ दिवस आधी अलार्म लावून बसले होते.

सेक्रेटरी: ग्रुप फक्त सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. उद्या ११ वाजता टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

सामंत काकू, बी-४०३: मलाही नाही मिळालं गं. दोन मोबाइल, एक लॅपटॉप, आणि आमचे हे नुसते 'मिळालं का, मिळालं का'.

शिंदे, सी-१०४: आम्हा सातारकरांना एक कळत नाही. रेल्वे येऊन पंचवीस वर्षं उलटली, तरी तुमचं रडगाणं तेच. कोकणाचं भलं झालं की नाही ते एकदा सांगून टाका.

परब काका, बी-३०२: शिंदे, तुम्ही राहता त्या ठाण्यात गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. आमच्या सावंतवाडीच्या माणसाला मुंबईची गाडी धरायला त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं लागली. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये आडव्या खाड्या. मी लहान असताना भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला गेलोय. बोट लांब उभी राहायची, तिथून होडीत उतरायचं. आई मला पदराला बांधूनच ठेवायची. पावसाळ्यात बोट बंद. म्हणजे गणपतीला यष्टीच. कशेडी, भोस्ते, परशुराम, एकेक घाट पोटातलं सगळं बाहेर काढायचा.
रेल्वे हवी म्हणून अ. ब. वालावलकरांनी आयुष्य घातलं, नाथ पै आणि मधु दंडवते बोलत राहिले. १९९० ला जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना एकदाचं कोकण रेल्वे महामंडळ झालं, मार्ग बांधायला श्रीधरन आले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४० किलोमीटरच्या आसपास, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे पूल दोन हजारांच्या घरात. एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर! आणि छळलं कोणी, कातळाने नाही, मातीने. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा खणावा आणि तो ढासळावा. सगळा मार्ग जोडायला १९९८ उजाडलं.
गाडी इली तेव्हा आख्खो गाव बघूक गेल्लो. माझी आजी इंजिनाला हळदकुंकू लावायला निघाली होती, तिला धरून ठेवलं.

शिंदे: 😂 आजींना नमस्कार.

मृणाल: काका, मीपण तिसरीत असताना सावर्ड्याला बाबांच्या खांद्यावरून गाडी बघितली. पण शिंदे काकांचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या वाडीत आता चार घरं उघडी, बाकी कुलपं. कोलाडला ट्रक मालगाडीवर चढतात, गोव्यात वेर्ण्याला उतरतात. मधल्या आम्हाला फक्त आवाज. आंबा अजून टेम्पोनेच वाशी मार्केटला. केरळच्या गाड्या धाडधाड निघून जातात. वर तिकिटाला अंतर ४० टक्के वाढवून धरतात, कारण रेल्वे कर्जरोख्यांवर बांधली. आणि राजापूर रोड स्टेशनला उतरून बघा, राजापूर कुठे आणि रोड कुठे!

परब काका: कुलपं गाडीने नाही लावली बाय. गिरण्या होत्या तेव्हाही आमची घरं मनीऑर्डरवरच चालायची.

मृणाल: तेच म्हणते. तेव्हा माणसं जायची, आताही जातात. मग बदललं काय?

सामंत काकू: मी सांगते काय बदललं. हसू नका कोणी. गाडीत संडास आहे.
माझी आई कणकवलीची. यष्टीने निघायच्या आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद करायची. बारा-चौदा तास. रात्री गाडी धाब्यावर थांबायची, तिथे बायकांची सोय म्हणजे मागचा अंधार. माझ्या दोन्ही बाळंतपणांना ती आली नाही. कारण सांगायची की गुरांकडे कोण बघणार. खरं कारण तिने मला किती वर्षांनी सांगितलं, तेही माजघरात, हळू आवाजात.
रेल्वे सुरू झाल्यावर पासष्टीची बाई एकटी येऊ लागली. फणस, कुळीथ, एकदा तर जिवंत कोंबडी पिशवीत. ठाण्याला गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात सगळं खाली. नातवंडांना आजी माहीत आहे ती गाडीमुळे.

(यानंतर चार-पाच जणांचे हात जोडलेले. सेक्रेटरींनीही जोडले.)

ओंकार, बी-१०१: मृणालताई, माझे चार मामा. तीन मुंबईला, धाकटा उक्षीजवळ घरीच, कारण तो रेल्वेत लागला. पावसाळ्यात रात्री रुळावरून गस्त घालतो, दरड आली का बघत. तेव्हा गाड्याही वेग कमी करून चालतात, वेळापत्रकच वेगळं असतं. आजोबांचं घर उघडं आहे ते त्या एका नोकरीमुळे.

मृणाल: एक मामा. चारात एक.

ओंकार: हो. एकच.

शिंदे: मग जादा गाड्या का सोडत नाहीत?

ओंकार: गणपतीत सोडतात. पण वीर स्टेशनच्या पुढे रूळ एकेरी आहे काका. समोरून गाडी आली की आपली बाजूला उभी. मामा म्हणतो, आमच्याकडे गाडी कमी चालते, वाट जास्त बघते.

सेक्रेटरी: चर्चा छान आहे, पण टाकीचं लक्षात ठेवा. (मी देवरुखचा. मलाही 'रिग्रेट'.)

परब काका: घ्या! एवढा वेळ सूचना-सूचना करत होते.

सामंत काकू: मृणाल, दिवा-सावंतवाडीने जायचं का? सगळीकडे थांबत जाते, पण पोचवते. जनरलमध्ये जागा धरायची तर पहाटे दिव्याला हजर हवं.

मृणाल: चालेल काकू. पण पहाटे रिक्षा?

शिंदे: मी सोडतो. साडेचारला गेटवर या. सामान किती आहे ते आधी सांगा, माझी गाडी लहान आहे.

सामंत काकू: जाताना कमीच असतं हो. येताना बघा.