मदत हवी आहे: आकाशवाणी सांगलीवरची जुनी मुलाखत

नमस्कार मंडळी. १९९४ च्या सुमारास आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर माझ्या आजीची मुलाखत झाली होती, जात्यावरच्या ओव्यांबद्दल. मध्येच तिने दोन ओव्या गायल्याही होत्या. अख्खी आळी आमच्या ओसरीवर रेडिओला कान लावून बसली होती! वडिलांनी घरी टेप केलेली कॅसेट होती, पण तिची फीत बुरशीने चिकटली आहे. न्यूज ऑन एआयआर ॲपवर थेट प्रसारण ऐकू येतं, जुनं काही सापडलं नाही.

अशा मुलाखतीची प्रत केंद्राकडून कुणी मिळवली आहे का? अर्ज कुणाच्या नावे करायचा? नक्की तारीख नसेल तर शोधून देतात का? आणि बुरशी लागलेली फीत साफ करणारं सांगली-कोल्हापूरकडे कुणी माहीत असेल तर कृपया सांगा. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.