मदत हवी आहे: भट्टीचे थ्रीडी फोटो जुळेनात, शनिवारी लावायचेत

रंकाळ्याकाठचा: मंडळी अर्जंट आहे. शिरोली एमआयडीसीत काकांच्या फौंड्रीत थ्रीडीसाठी डावा-उजवा जोडीनं फोटो काढलेत, शेडचे खांब झकास मागंपुढं दिसतात पण लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) आणि ठिणग्यांकडं बघितलं की नुसतं चमचम होऊन डोळं दुखायला लागतंय. शनिवारी शाहू स्मारकला प्रदर्शन आहे, शेजारी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांची जुनी स्टिरिओ कार्डं (डावा-उजवा फोटो शेजारी-शेजारी असलेली थ्रीडी कार्डं) लागणार आहेत, म्हणजे तुलना होणारच. सॉफ्टवेअर कुठलं तेवढं सांगा.

कॅमेरावेडा: कॅमेरा कुठला, एक का दोन? किती लांबून?

रंकाळ्याकाठचा: मोबाईल. स्टँडवर.

कॅमेरावेडा: एक का दोन ओ?

रंकाळ्याकाठचा: एकच. एक काढायचा, फूटभर सरकवून दुसरा. सगळे असंच करतात की.

भिंगवाला: देवळाला, डोंगराला चालतंय ते. इथं दुसरा काढेपर्यंत ठिणग्या बदलल्या, डाव्या डोळ्याला एक उजव्याला भलतीच, मेंदूनं जोडायचं काय? स्टिरिओ फोटो मेकर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वरखाली झालेलं सरळ करतंय, ठिणग्या नाही. ती कार्डं काढणाऱ्या जुन्या कीस्टोन, अंडरवूड कंपन्यांच्या कॅमेऱ्याला लेन्सच दोन, एकदम उघडणाऱ्या. आणि जवळात जवळ काय होतं?

रंकाळ्याकाठचा: चार फुटांवर मोल्डचा (साच्यांचा) ढीग, त्याचं काय?

भिंगवाला: सगळ्यात जवळच्या वस्तूचं जे अंतर त्याचा तिसावा भाग सरकवायचं. चार फुटाला दीड इंच आणि तुम्ही फूट!

बिडातला माणूस: पहिलं म्हणजे काकांकडं ओततात ते पोलाद नव्हे, बीड, म्हणजे कास्ट आयर्न. कोल्हापुरात मोटारींचे, ट्रॅक्टरचे पार्ट बहुतेक बिडाचेच ओततात, फोटोखाली स्टील लिहिलं तर पोरं हसतील. वडिलांच्या वेळी उद्यमनगरात कोकवर (दगडी कोळशापासनं केलेल्या इंधनावर) चालणारा क्युपोला, म्हणजे उभी भट्टी होती, तो धूर, तो उजेड, आता इंडक्शनला (विजेच्या भट्टीला) ती मजा नाही. आणि ओल्या जागी उभारू नका, वितळलेल्या बिडाला पाणी लागलं की उडतंय.

रंकाळ्याकाठचा: काका, फोटोचं बोला ना.

कॅमेरावेडा: दोन मोबाईल, दोघांना ब्लूटूथ रिमोट, एकदम दाबायचे. विषय संपला.

भिंगवाला: कुठला संपतोय, दोन्ही एकदम वाजत नाहीत, जरासा फरक पडला तरी ठिणगी पुढं गेलेली असते. एकाच मोबाईलपुढं आरसे लावा, एका क्लिकमध्ये दोन्ही बाजू.

कॅमेरावेडा: आणि असलं ॲडॉप्टर शनिवारपर्यंत कोण देणार, तुम्ही?

राजारामपुरीची ताई: बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांमागं कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा बनवला, तुम्हाला आरशाचं खोकं जमंना? बरं, भाच्याचा डिप्लोमा झालाय, काकांकडं जागा आहे का?

थ्रीडीप्रेमी: माझ्याकडं जुना थ्रीडी टीव्ही आहे, चष्म्यासकट. किंमत बोलून ठरवू.

रंकाळ्याकाठचा: टीव्ही नको ओ! साधा आरसा चालंल का, उद्या चारला ओतणार आहेत.

भिंगवाला: साध्यात काचेमुळं दोन-दोन प्रतिमा येतात. चकाकीचा मुलामा काचेच्या मागं नको, पुढून पाहिजे. झेरॉक्स मशीनच्या पोटात तसल्या लांब पट्ट्या असतात, काचवाल्याकडनं कापून घ्या. आणि पोरांना ढीग हलवायला सांगा.

रंकाळ्याकाठचा: भंगारातलं झेरॉक्स मशीन कुणाकडं आहे का???

राजारामपुरीची ताई: आमच्या दुकानात पडलंय एक. आधी भाच्याचं सांगा.