एकाच मुलीचे तीन इको, तीन निकाल. कोणता खरा मानायचा?

चिमणीची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, वजन २४ किलो. धावते, पोहते, कधी दम लागलेला नाही. शाळेतल्या हृदयतपासणीत हातात मावेल एवढ्या यंत्रावर पाहून चिठ्ठी दिली: "माइट्रल झडपेतून गळती, ऱ्हुमॅटिक असू शकते." म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली असू शकते. दोन दिवसांत मोठ्या मशीनवर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला. रिपोर्ट आला: "ट्रेस एमआर, फिजिऑलॉजिकल", म्हणजे माइट्रल गळती (एमआर) अगदी किंचित आणि नैसर्गिक. त्या रात्री आम्ही दोघं शांत झोपलो. महिन्याभराने खात्रीसाठी दुसरीकडे केला, तर "माइल्ड एमआर, बॉर्डरलाइन आरएचडी" (सौम्य गळती, काठावरचा ऱ्हुमॅटिक हृदयरोग), आणि तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून दर चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं. किती वर्षं, असं विचारलं तर "बघू".

दोन्ही डॉक्टरांना स्टेथोस्कोपने काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. जे कानाला कळत नाही ते इकोवर दिसतं, आणि तेही प्रत्येक ठिकाणी वेगळं! धडधाकट मुलीला वर्षानुवर्षं सुया टोचायच्या, तर निदान निदानावर तरी विश्वास हवा. इकोवर किती भरवसा ठेवायचा? कुणाला अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

सहजच

रक्ताची एएसओ चाचणी करा ना. जास्त आली की प्रश्न मिटला.

इकोकक्ष

सहजच, तसा मिटत नाही. एएसओ वाढलेलं असलं तर स्ट्रेप्टोकॉकस या घशाच्या जंतूचा संसर्ग होऊन गेला एवढंच कळतं. झडपेचं काय झालं ते त्यात दिसत नाही.

ताई, मी अकरा वर्षं लहान मुलांचे इको करतेय. तुमचा प्रश्न ज्या खुर्चीतून सुटतो, त्याच खुर्चीत बसते म्हणून लांबलचक लिहिते.

आधी कानाचं. २००७ मध्ये कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्टेथोस्कोपने ऱ्हुमॅटिक झडपदोष असलेली दर हजारी दोन-तीन मुलं सापडली. त्याच मुलांचे इको केल्यावर कंबोडियात दर हजारी २१.५ आणि मोझांबिकमध्ये ३०.४. त्यामुळे डॉक्टरांना आवाज आला नाही, यावरून झडप चांगली आहे असं म्हणता येत नाही.

गळती आहे की नाही, हे इको चांगलं दाखवतो. वाद होतो तो ही गळती ऱ्हुमॅटिक आहे का यावर, कारण निरोगी मुलांतही बारीकशी गळती दिसते. दोन्हींत फरक करायला वर्ल्ड हार्ट फेडरेशनने २०१२ मध्ये मापं ठरवली. माइट्रल गळती दोन दिशांनी दिसायला हवी, गळणाऱ्या रक्ताची धार किमान २ सेंटीमीटर लांब, वेग सेकंदाला ३ मीटर किंवा जास्त, आणि हृदय आकुंचन पावतं तेवढा सगळा वेळ टिकणारी. यातलं एकही कमी पडलं तर गळती नैसर्गिक समजायची.

आता तुमच्या मुलीचं वजन बघा. २०२३ मध्ये ही मापं सुधारली. ३० किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांसाठी धारेची मर्यादा १.५ सेंटीमीटर झाली, कारण लहान हृदयात धारही लहानच असणार. समजा तिची धार १.७ आली. जुन्या मापाने ती नॉर्मल, नव्याने नाही. दोन्ही डॉक्टरांनी नीट पाहिलं असेल आणि तरीही रिपोर्ट वेगळे आले असतील. म्हणून दोन्हीकडून आकडे मागा. नुसतं "ट्रेस" किंवा "माइल्ड" लिहिलेल्या रिपोर्टवरून पुढच्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

मशीनच्या सेटिंगचाही हात असतो. कलर डॉपलरची (रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोयीची) वेगमर्यादा खाली ठेवली तर तीच धार लांब दिसते. हार्मोनिक्स (चित्र ठळक करणारं सेटिंग) चालू असलं की झडपेची पाकळी जाड दिसते, आणि वीस वर्षांपर्यंतच्या मुलांत पुढच्या पाकळीची ३ मिलिमीटर जाडी ही दोषाची खूण धरतात. म्हणजे एका बटणावर निष्कर्ष फिरू शकतो. आम्ही जाडी मोजताना हार्मोनिक्स बंद करतो. सगळीकडे करतात असं मला म्हणता येणार नाही. छोट्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत धारेचा वेग मोजायची सोयच नसते, त्यामुळे शाळेतली चिठ्ठी ही चाळणी समजा, निदान नव्हे.

मी सगळ्यात जास्त वेळ पाकळीची हालचाल बघण्यात घालवते. पाकळी आखडली आहे का, तिला धरणाऱ्या दोऱ्या जाड झाल्यात का, टोक जास्तच मागे जातंय का. गळती आहे पण पाकळ्या अगदी स्वच्छ आहेत, अशी मुलं काठावरची. तिथे दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. मीही दोनदा माझंच मत सहा महिन्यांनी बदललं आहे.

आणि एक विचारायचं राहिलं. तिला कधी घसा दुखून गेल्यावर सांधे सुजले होते का?

चिमणीची आई

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून हात थंड पडले. गेल्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला होता, लाल, हात लावू देईना. तीन दिवसांनी तो उतरला आणि घोटा धरला. तापही होता. वेदनाशामक दिल्यावर दोन दिवसांत पळायला लागली, म्हणून आम्ही खेळताना लागलं असेल असं धरलं. त्याआधी घसा दुखला होता का, आठवत नाही. हे मी एकाही डॉक्टरांना सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

इकोकक्ष

एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी सूज आणि वेदनाशामकाने पटकन उतार, हे ऱ्हुमॅटिक तापाचं ओळखीचं रूप आहे. असा इतिहास असेल तर काठावरच्या इकोचं वजन वाढतं. स्वतःला दोष देऊ नका, बहुतेक घरांत हे असंच निसटतं. उद्याच डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

काहीच इतिहास नसलेल्या मुलांसाठीही आता थोडा पुरावा आहे. युगांडात ५ ते १७ वयाची, फक्त इकोवर सापडलेली ८१८ मुलं दोन वर्षं पाहिली, निकाल २०२२ मध्ये छापून आला. दर चार आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के मुलांची झडप आणखी बिघडली, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. इको वाचणाऱ्यांना कुणाला इंजेक्शन मिळतंय ते माहीत नव्हतं. म्हणजे न घेताही बहुतेकांचं बिघडलं नाही, हेही खरं. पण कुणाचं बिघडणार ते आधी ओळखता येत नाही.

पाऊलवाट

मला अकराव्या वर्षी इंजेक्शनं सुरू केली. पंधराव्या वर्षी मी बंद केली, कारण काहीच होत नव्हतं. सव्विसाव्या वर्षी झडप बदलली. रोज रक्त पातळ करणारी गोळी घेतो. एवढंच सांगायचं होतं.

चिमणीची आई

तीन आठवड्यांनी लिहिते. मुलांच्या हृदयतज्ज्ञांकडे तिसरा मोठा इको झाला. मी आधी सांध्यांचं सांगितलं, ते लिहून घेतलं आणि मगच प्रोब हातात घेतला. धार १.८ सेंटीमीटर, दोन्ही दिशांनी, पूर्ण आकुंचनभर. पाकळी २.६ मिलिमीटर, हालचाल मोकळी. पहिल्या ठिकाणच्या क्लिपही मागवल्या होत्या. त्यातही त्यांना १.७ मिळाली. रिपोर्टवर आकडाच लिहिला नव्हता.

ते म्हणाले, फक्त इको असता तर सहा महिने थांबून पुन्हा पाहणं हाही पर्याय मी तुमच्यापुढे ठेवला असता. पण गेल्या वर्षीचा ताप ऱ्हुमॅटिकच होता असं धरून चालू. इंजेक्शन किमान एकविसाव्या वर्षापर्यंत, पुढचं तेव्हाच्या झडपेवरून ठरेल. दर वर्षी इको त्यांच्याकडेच, त्याच मशीनवर.

पहिलं इंजेक्शन शुक्रवारी झालं. खूप दुखलं तिला. रात्री विचारत होती, पुढचं कधी. तारीख तिनेच कॅलेंडरवर लिहिली. पाऊलवाट, तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला.